आतला वारा

"डाव्या गालाला की उजव्या?"

लानझीच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात वळवळणारी वाम. वामीची मान तिनं जुन्या फडक्यात आवळून धरली होती, तरी शेपूट मनगटाला विळखा घालत होतं. पुढ्यात स्टुलावर तिचा नवरा देशुन बसला होता, गळ्याला टॉवेल बांधून, न्हाव्यापुढे बसावं तसा. त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

"अगं, तोंड कुठं गेलंय बघ की!" शेजारच्या पांग वहिनी दारातूनच म्हणाल्या. "डावीकडे गेलंय. म्हणजे रोग डावीकडे. लाव डाव्या गालाला."

"नाही हो वहिनी. डावीकडे ओढलंय म्हणजे उजवीकडचं ढिलं पडलंय. रक्त ढिल्या बाजूला लावायचं. सुकताना ते कातडी ओढून घेतं."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. खात्री करून घेतेय."

"माझ्या दिराचं असंच झालं होतं. बसमध्ये खिडकीपाशी डुलकी लागली नि उतरला तो वाकडं तोंड घेऊनच. आम्ही डावीकडेच लावलं होतं." वहिनी थांबल्या. "का उजवीकडे? जाऊ दे बाई, दोन्हीकडे लाव. जास्तीचं लागलं तर काय बिघडणार आहे!"

देशुन हसला. तोंडाचा फक्त डावा कोपरा वर गेला. उजव्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती पुसायला त्यानं हात उचलला आणि तो हात अर्ध्यातूनच मांडीवर पडला. लानझीनं ते पाहिलं. पाहिलं आणि मनाशी म्हणाली, खांद्यातही शिरलाय वाटतं वारा. तो पडलेला हात पुढे कितीतरी महिने तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

तिनं वाम कापली आणि दोन्ही गालांना रक्त फासलं.

वाऱ्याबद्दल लानझीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तालुक्याच्या सरकारी औषधालयात सव्वीस वर्षं तिनं काउंटरमागे काढली होती. पाठीमागे भिंतभर लाकडी खण, हातात छोटा तराजू, समोर वैद्यांनी लिहिलेला कागद. पाळं, मुळं, साली तोलायच्या आणि कागदाच्या पुड्या बांधायच्या. औषध तिनं कधी लिहून दिलं नाही, पण कागद वाचून कुणाला काय झालंय हे ती सांगू शकायची. वसंतात निम्मे कागद वाऱ्याचेच असत. वारा सगळ्या रोगांचा म्होरक्या. तो एकटा येत नाही, थंडीला नाहीतर ओलीला बोट धरून आणतो. मानेच्या खळगीतून आत शिरतो. आज खांद्यात, उद्या गुडघ्यात, परवा तोंडात. म्हणून मान झाकायची, घामेजल्या अंगानं दारात उभं राहायचं नाही आणि रात्री खिडकी बंद. एवढं साधं आहे, आणि तेवढंच तिच्या नवऱ्याला तीस वर्षांत जमलं नव्हतं.

देशुन नदीवर फेरीबोट चालवायचा. हुआइ नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला, दिवसाला बावीस फेऱ्या. थंडी असो, धुकं असो, सुकाणूच्या खोलीची काच सदा उघडी. पूल झाला, बोट मोडीत निघाली, पण माणूस काही सुधारला नाही. घरात आला की आधी खिडकीकडे. ती बंद करायची, तो उघडायचा.

"कोंडल्यासारखं होतंय गं."

"कोंडून मेलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. वारा लागलेल्यांच्या पुड्या बांधून बांधून थकले मी!"

भांडणाचं मूळ जुनं होतं. मुलगी झाली तेव्हा लानझी बाळंतिणीच्या खोलीत महिनाभर होती. केस धुवायचे नाहीत, गार पाण्याला हात नाही, फटीफटीत कापूस. विसाव्या दिवशी हा बाबा बोट काठाला लावून धावत आला आणि त्यानं खिडकी सताड उघडली. का, तर पोरीला नदी दाखवायची होती. तेव्हापासून लानझीचा डावा खांदा धरला तो धरलाच. पाऊस यायचा झाला की दुखायचा, सुनेला बोलावं तसं ती त्या खांद्यावरून नवऱ्याला बोलायची. तोही ऐकून घ्यायचा. त्या एका खिडकीपुढे त्याचं कधी तोंड वर झालं नाही.

आणि आज तोंड गेलं ते त्याचं, आणि खिडकी उघडी ठेवली होती, बहुधा, तिनं.

हाच तो 'बहुधा' तिला सकाळपासून कुरतडत होता. रात्री तिनं खारवलेला मासा तळला. वास बसला म्हणून निजायच्या खोलीतली खिडकी उघडली. मग ती बंद केली का? कडीचा गार स्पर्श बोटांना आठवत होता. पण तो कालचा की परवाचा? कड्या काय, रोज सारख्याच गार असतात. पहाटे साडेपाचला उठली तेव्हा खिडकी वीतभर उघडी होती, पडदा हलत होता आणि त्याची उशी बरोबर त्या फटीखाली होती, उजवा गाल खिडकीकडे. पेजेचा पहिला घोट त्याच्या ओठातून परत आला. चमचा हातातून निसटला. "झोप नीट झाली नाही," असं काहीतरी तो म्हणाला, पण शब्द चिखलातून चालल्यासारखे येत होते.

दुसरं कुणी असतं तर थेट इस्पितळात गेलं असतं. पण लानझी होती. तिला ठाऊक होतं हे काय आहे. तिनं खिडकी लावली, आलं-गुळाचं पाणी उकळून पाजलं, मानेला लोकर गुंडाळली आणि बाजारात गेली. ताजी, जिवंत वाम मिळेपर्यंत मासळीच्या तीन ओळी पालथ्या घातल्या. चांगली वाम उशिरा येते, आणि मेलेलीचं रक्त चालत नाही. परत आली तेव्हा साडेआठ झाले होते.

"खि... ख... खिडकी," देशुन म्हणाला.

गालांवरचं रक्त काळपट होत चाललं होतं.

"बंद आहे रे म्हाताऱ्या. मी लावलीय."

"खिडकी."

ती उठली, आत जाऊन बघून आली, कडी पुन्हा दाबली. "घट्ट लावलीय. आता मुंगी यायची नाही आत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. एरवी ह्या माणसाच्या मनातलं ती त्याच्या पाठीवरूनसुद्धा ओळखायची. आता अर्धा चेहरा काहीतरी म्हणत होता आणि अर्धा गप्प होता, आणि दोन्ही मिळून काय म्हणताहेत ते काही कळेना. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, पण नुसता आवाज आला.

"वहिनी," लानझी म्हणाली, "तुमची तिचाकी काढा. यान वैद्यांकडे नेऊ."

यान वैद्य चौऱ्याऐंशीचे होते. सव्वीस वर्षं तिनं त्यांचेच कागद वाचले होते, त्यांचं अक्षर गावात तिच्याशिवाय कुणाला लागत नसे. ते अंगणात सुपावर संत्र्याच्या साली वाळत घालत होते. वहिनी आणि लानझी, दोघींनी देशुनला दोन्ही बाजूंनी धरून आत आणला, तेव्हा त्यांनी आधी त्याच्या गालांकडे पाहिलं.

"वाम?"

"हो, वैद्यबुवा."

"कुठल्या बाजूला?"

"दोन्ही."

"हं." त्यांनी सुपातली साल खाली ठेवली. "देशुन, भुवया वर कर बघू. समोरून बोट आडवी आलीय असं बघ माझ्याकडे."

देशुननं भुवया उचलल्या. दोन्ही. कपाळावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार आठ्या उमटल्या.

लानझीला केवढा धीर आला. "बघा! कपाळ अजून शाबूत आहे! तिथवर पोचलाच नाही वारा."

वैद्य तिच्याकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांना तिनं घाईत असं कधी पाहिलं नव्हतं.

"ते चांगलं नाही, लानझी." त्यांनी देशुनचे दोन्ही हात समोर धरून सोडले. डावा राहिला. उजवा हळूहळू खाली आला. "बाहेरचा वारा लागला तर अर्धं कपाळही निजतं. आठी पडत नाही. ह्याचं कपाळ जागं आहे आणि हात झोपलाय. हा बाहेरून आला नाही. हा आतला."

"आतला?"

"यकृतातून उठतो आणि डोक्यात चढतो. तुला ठाऊक आहे. त्याच्याही पुड्या बांधल्यास तू."

बांधल्या होत्या. खण वेगळे, मुळं वेगळी, तेही तिला पाठ होतं. पण कागदावर वाचणं वेगळं. बाहेरच्या वाऱ्याला दार असतं, खिडकी असते, कडी असते. आतल्याला काय लावायचं?

"मग खिडकी?"

"कुठली खिडकी?"

"रात्री उघडी राहिली होती. मी मासा तळला म्हणून..."

"लानझी!" वैद्य ओरडले. "मी नाडी बघणार नाही, सुई लावणार नाही. एक मिनिट इथं घालवू नकोस. इस्पितळ! अजून कसल्या उभ्या राहिलात?"

इस्पितळात दारातच दोन परिचारिका धावत आल्या. "पडले का हो? केवढं रक्त!"

"त्यांचं नाही. वामीचं आहे."

"कुणाचं?"

"वामीचं," पांग वहिनी ठसक्यात म्हणाल्या. "मासा, मासा! कधी बघितला नाही का?"

एका परिचारिकेनं ओठ दाबून हसू आवरलं. लानझीला त्या हसण्याचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली, कारण चाक लावलेल्या खाटेवर देशुनला आत नेत होते आणि त्यानं डाव्या हातानं तिची बाही धरून ठेवली होती. ती बाही परिचारिकेनं हळूच सोडवली.

डोक्याचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टर आला. तो तिच्या मुलीहूनही लहान दिसत होता. "काकू, सुरू कधी झालं?"

"पहाटे साडेपाचला उठलो तेव्हा..."

"नाही, सुरू कधी झालं? शेवटचे धडधाकट कधी पाहिलेत?"

"रात्री दहाला. निजताना. पण खिडकी कधीपासून उघडी होती ते मला..."

"खिडकीचा काही संबंध नाही, काकू. मेंदूत रक्ताची गुठळी आहे." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजायला आले होते. "गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण त्याला वेळेची मर्यादा आहे. रात्री दहापासून मोजली तर ती केव्हाच उलटलीय."

"साडेपाचला उठल्या उठल्या आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला.

तिनं हे उत्तर पुढे शंभर वेळा उलटसुलट करून पाहिलं. सांगता येत नाही म्हणजे उपयोग झाला नसता? की झाला असता, पण म्हातारीला आता कशाला सांगा?

संध्याकाळी नानजिंगहून मुलगी, वेनचिंग, आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसून होताच तिनं भांडण काढलं.

"चार तास, आई? मला फोन नाही, काही नाही? मासे कसले चिरत बसलीस!"

"वारा लागलाय असं वाटलं गं."

"वारा नसतो आई! रक्तदाब असतो! बाबांच्या गोळ्या कुठायत?"

गोळ्या चहाच्या जुन्या डब्यात सापडल्या. नववर्षाच्या सणापासूनची पाकिटं, एकही फोडलेलं नाही. डोकं दुखत नाही तर गोळी कशाला, असं त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलेलं. आणि ज्या बाईनं सव्वीस वर्षं गावाला पुड्या बांधून दिल्या, तिच्याच घरातल्या डब्यात हे पडून होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग कशानं झालं? गोळ्यांनी? खिडकीनं? चार तासांनी? पांग वहिनी म्हणत, "खिडकीनंच. डॉक्टरांना काय कळतंय!" वेनचिंग गोळ्या म्हणे. एक दिवस लानझी गुपचूप यान वैद्यांकडे गेली.

"वैद्यबुवा, खरं सांगा. बाहेरचा वारा आतल्याला उठवतो का?"

"जुन्या लोकांची दोन मतं आहेत."

"तुमचं?"

"माझंही दोनदा बदललं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "जेवतेस ना वेळेवर?"

देशुन दीड महिन्यानं घरी आला. उजवा पाय ओढत चालू लागला. उजवा हात मात्र शर्टाच्या बाहीत टांगल्यासारखा राहिला. आणि शब्द गेले. सगळेच. फक्त एक 'हं' उरला. पेज हवी का? हं. नको का? हं. फार दुखतंय? हं. वेनचिंगनं पाटी आणून दिली, पण डाव्या हातानं त्याला नुसत्या रेघा काढता येत. त्या रेघा लानझी दिव्याखाली धरून धरून बघायची.

त्याचा शेवटचा शब्द 'खिडकी' होता. तीस वर्षांच्या संसारात शेवटी त्यानं आपल्याला दोष दिला, असंच तिनं धरलं. का तू उघडी ठेवलीस. बरोबरच आहे. तिनं तो विसावा दिवस इतकी वर्षं त्याच्या तोंडावर फेकला, त्यानं एकदा फेकला तर बिघडलं कुठं? मग तिनं ती खिडकी कायमची बंद करून टाकली. फटीत कापूस भरला, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या.

"बैल गेला नि झोपा केला," पांग वहिनी म्हणाल्या.

"असू दे. दुसरा बैल नाहीये माझ्याकडे."

संध्याकाळ झाली की देशुन अस्वस्थ व्हायचा. खाटेवर चुळबुळ करायचा, खिडकीकडे बघून हं, हं, हं असा आवाज काढायचा. ती पट्ट्यांवरून हात फिरवून दाखवायची, "बघ, कुठूनही येत नाही. घाबरू नकोस." तो डोळे मिटायचा. निर्धास्त झाला, असं तिला वाटायचं. उन्हाळा तसाच गेला. खोलीत औषधाचा आणि घामाचा वास कोंडून राहिला, तिचाही जीव घाबरा व्हायचा, पण तिनं एक फट उघडली नाही.

शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती सणाच्या उरलेल्या पाव किलो गोड चंद्रपोळ्या घेऊन बाजारातून परतली. जिना चढतानाच तिच्या पायांना गार लागलं. घराचं दार उघडलं आणि वारा सरळ अंगावर आला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं.

"म्हाताऱ्या!"

तो खिडकीपाशी उभा होता, पाठमोरा. कापसाचे बोळे आणि पट्ट्यांचे तुकडे जमिनीवर पडले होते. डाव्या हाताची नखं खळीनं पांढरी झाली होती, एका बोटातून रक्त येत होतं. किती वेळ खरवडत होता कोण जाणे. खिडकी त्यानं वीतभर उघडली होती. वीतभरच, त्या पहाटे होती तेवढी. आणि त्या फटीत त्यानं तोंड धरलं होतं, डोळे मिटून, बोटीत धरायचा तसं. खाली नदी दिसत होती.

लानझीच्या तोंडाशी शिवी आली होती, ती तशीच राहिली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली.

"त्या रात्री तूच उघडलीस?"

तो वळला नाही. "हं."

"म्हणजे मी लावली होती? निजताना मी लावली होती ना रे?"

"हं."

"आणि सकाळी खिडकी खिडकी म्हणत होतास, ते उघड म्हणत होतास?"

"हं."

तो सगळ्यालाच हं म्हणतो. उलटं विचारलं असतं तरी हंच म्हणाला असता. तिला हे कळत होतं. तरी ती खाटेच्या कडेवर बसली. पाच महिने. पाच महिने हा माणूस रोज संध्याकाळी तिला खिडकी उघड म्हणून विनवत होता आणि ती त्याला बंद आहे, बंद आहे म्हणून समजावत होती. त्याआधीची तीस वर्षं वेगळीच. तिला रडू आलं, आणि ते ह्या पाच महिन्यांचं होतं की त्या तीस वर्षांचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

वारा येतच होता. डावा खांदा ठणकू लागला होता. ती उठली. कपाटातून लोकरीचा मफलर काढला आणि मागून त्याच्या मानेभोवती दोन वेढे घालून नीट गाठ मारली, मानेची खळगी झाकेल अशी. मग तिचा हात सवयीनं कडीकडे गेला. कडी गार होती. तिनं हात मागे घेतला.

देशुननं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, आणि पाय ओढत अर्धं पाऊल बाजूला सरकला. तिला उभं राहण्यापुरती जागा झाली.